बिल्कीसबाजी आणि खुशालरावांचा नंबर

बिल्कीसबद्दल लिहायचं तर आधी एक सांगून टाकतो. पातुरात तिच्याविषयी जे बोललं जातं ते अर्धं खोटं आहे, आणि ते खोटं माझ्यामुळे टिकून आहे. मी केशव, इथल्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. एकतीस वर्षं लोकांच्या हातात पुस्तकं देत आलो, म्हणून गाव मला केशवकाका म्हणतं आणि चार माणसांत मान देतं. त्या मानाची मला आता लाज वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

बस स्टँडच्या मागे, रसवंतीच्या वरच्या मजल्यावर बिल्कीसचं कॉम्प्युटर सेंटर आहे. पूर्वी तिथे तिच्या वडिलांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मीही तिथेच शिकलो. तेव्हा ही एवढीशी पोर टाइपरायटरच्या टेबलाखाली बसून आमच्या चपला बदलून ठेवायची. वडील गेले, टाइपरायटर भंगारात गेले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले. नवरा नबी संत्र्याच्या गाड्यांबरोबर आठवड्यातले चार दिवस बाहेर, त्यामुळे सेंटर ती एकटीच चालवते. चाळिशीची बाई, पण आवाज असा की जिन्यावरचा माणूस आपण काय चुकलो ते आधी आठवायला लागतो. फोटो उलटा स्कॅन करून आणला म्हणून तिनं एका सरपंचाला सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. तरी पोरी तिच्याकडेच यायच्या. बाई आहे, नजर ठेवते, चहाटळपणा खपवून घेत नाही, म्हणून आई-बाप निर्धास्त असायचे. सगळे तिला बाजी म्हणायचे.

तिचा एक हट्ट होता. बाकीचे सेंटरवाले बटन दाबून मोकळे होतात. हिचा बटनावर विश्वासच नाही. "बटनाच्या मांगं काय चाल्लं थे मले दिसाले पाह्यजे," असं म्हणायची. या हट्टापायी ती रात्रंदिवस कॉम्प्युटरशी भांडायची आणि बहुतेक वेळा जिंकायची.

मी सांगतोय ते बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्याच्या पुढच्या वर्षाचं. कापूस, तूर, सोयाबीन, सगळ्यांनी आळीपाळीनं रडवून झालं होतं आणि घरोघरी एकच ठरलं होतं की पोरानं शेतीत राहायचं नाही. त्यामुळे आमच्या वाचनालयाची अभ्यासिका भरली. कादंबऱ्यांच्या कपाटाला आठ-आठ दिवस कोणी हात लावत नव्हतं, पण अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरायला पोरं दारात उभी. तीस खुर्च्या आणि चाळीस पोरं. तलाठी, पोलीस, वनरक्षक, निघेल ती भरती.

पातूरपासून आठ किलोमीटरवरच्या गावातून सीमा यायची ती मात्र बिल्कीसकडे. खुशालरावांची ही धाकटी. खुशालराव नऊ एकर काळ्या जमिनीचे धनी, दोन मुलं हाताशी, बोलायला तिखट, पण दिलेला शब्द मोडल्याचं कोणी ऐकलेलं नाही. सीमाला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं, "एक डाव देतो तुले. यंदाचा तलाठ्याचा पेपर दे. निंघाली तं नोकरी कर, मी आडवा येत नाही. नाही निंघाली तं उन्हाळ्यात लगन. मंग रडाचं नाही." सीमानं मान डोलावली. एवढ्या एका परीक्षेवर त्या पोरीचं सगळं टांगलेलं होतं आणि ते सीमाला, बिल्कीसला आणि मला नीट माहीत होतं.

तिच्या मामानं तिला एका क्लासचा व्हिडिओचा कोर्स घेऊन दिला. एकशे बारा धडे, सगळे नेटवर. त्यात नाव नोंदवायला मोबाइल नंबर लागायचा. घरात फोन एकच, खुशालरावांचा. आमच्याकडे मुलीचा म्हणून वेगळा नंबर बहुधा नसतोच, आणि असला तरी फॉर्मवर बापाचाच लिहितात, तेच सुरक्षित समजतात. तेव्हा क्लासच्या फॉर्मवर खुशालरावांचा नंबर, परीक्षेच्या फॉर्मवरही तोच.

गावात नेटची रेंज यायची ती फक्त त्यांच्या अंगणाच्या कोपऱ्यात, आणि तिथेही व्हिडिओ सुरू केला की नुसतं चाक फिरत राहायचं. बिल्कीसच्या सेंटरमध्येसुद्धा नेट अर्ध्या-अर्ध्या तासानं तुटायचं. सीमा एका धड्यासाठी अख्खी दुपार घालवायची आणि शेवटच्या बसनं अर्धाच धडा पाहून घरी जायची. बिल्कीसला ते पाहवेना.

मग तिनं तो प्रोग्रॅम शोधून काढला. त्याला चेहराच नव्हता. ना चित्र, ना बटन. काळी चौकट उघडायची, तिच्यात इंग्रजीत हुकूम लिहायचा, की तो नेटवरचा व्हिडिओ ओढून आपल्या कॉम्प्युटरवर आणून ठेवायचा. बिल्कीसला बटन नसलेली वस्तू मिळाली, तिची ईदच झाली. माहितीची इंग्रजी पानं तिनं छापून काढली आणि माझ्याकडे घेऊन आली. मी शब्दकोश उघडून बसलो. 'वर्बोस' म्हणून एक शब्द आला. शब्दकोशात अर्थ होता शब्दबंबाळ. करून पाहू म्हणून तिनं ती सोय चालू केली, तर पडद्यावर ओळींचा पूर लोटला, थांबेचना.

"काका, हे तं तुमीच झाले," ती म्हणाली आणि बंद केलं.

दर वेळी लांबलचक हुकूम लिहिताना एक अक्षर चुकलं की प्रोग्रॅम अडून बसायचा. चार दिवसांनी तिला कळलं की सगळ्या सूचना एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतात, आणि प्रोग्रॅम काम सुरू करण्याआधी ती फाइल वाचतो. झालं. त्या फाइलवर तिनं जी मेहनत घेतली ती मी जवळून पाहिली. एकेक ओळ, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा. चित्र लहानच आण, मोठं नको. लाइट गेली तर जिथे तुटलं तिथून पुढे ओढ, पहिल्यापासून नको. मिळालं नाही तर पुन्हा प्रयत्न कर, कितीही वेळा. दिवसा सावकाश ओढ, फॉर्म भरायला आलेल्या लोकांचं नेट अडवू नको. एकदा आणलेला धडा पुन्हा आणायचा नाही, त्याची यादी ठेव.

पहिल्या दिवशी फजिती झाली. फाइलींची नावं फक्त इंग्रजी अक्षरांत ठेव अशी एक ओळ तिनं घातली होती, कारण जुन्या कॉम्प्युटरांवर मराठीचे चौकोन दिसायचे. धड्यांची नावं तर सगळी मराठीत. प्रोग्रॅमनं ती मराठी अक्षरं गाळली, नावाच्या जागी नुसती रेघ उरली, आणि दुसरा धडा आला तरी तिसरा आला तरी तो म्हणे, या नावाचा आहे की आपल्याकडे. संध्याकाळी पाहते तर एकच धडा. तिनं कॉम्प्युटरला उर्दूत जे ऐकवलं ते मला लिहिता येणार नाही. मग नावाऐवजी धड्याचा क्रमांक घालायची ओळ लिहिली आणि गाडी रुळावर आली. फाइलमध्ये स्वतःसाठी टिपा लिहिता यायच्या, प्रोग्रॅम त्या वाचत नसे. एक टीप होती, 'इथं कोणी हात लावू नये. नबीनं तर बिलकुल नाही.'

शेवटची ओळ सीमाची होती. क्लासचे धडे लॉग-इनशिवाय उघडत नव्हते. सीमानं सेंटरमध्ये लॉग-इन केलं, बिल्कीसनं त्या लॉग-इनची खूण एका वेगळ्या फाइलमध्ये काढून घेतली आणि त्या फाइलचा पत्ता सेटिंगमध्ये लिहिला. आता प्रोग्रॅम सीमाच्या नावानं आत जायचा आणि धडे घेऊन यायचा.

"हे कोनालेच सांगू नको," बिल्कीसनं तिला बजावलं. "क्लासवाल्याले समजलं तं तुह्यं खातं बंद करतीन. हे फक्त तुह्यासाठी हाये."

"नाही सांगत, बाजी," सीमा म्हणाली.

आलेला प्रत्येक धडा बिल्कीस तपासायची. पहिलं मिनिट पाहायचं आणि शेवटचं मिनिट पाहायचं. ही तिच्या वडिलांची रीत. टाइप केलेल्या पानाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ ते वाचायचे आणि सही करायचे, मधलं बरोबरच असणार म्हणून. आम्ही सगळेच त्यांच्याकडे तसं शिकलो. इतक्या वर्षांत त्या रीतीनं कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. इथून पुढे मी आलो.

सीमा कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून बसायची आणि एकेक धडा संपवायची. ते पाहून मला अभ्यासिकेतली माझी पोरं आठवायची, एका फाटक्या गाइडवर सहा जण वाकलेली. मी बिल्कीसच्या मागे लागलो. म्हटलं, "एका पोरीजवळ इतकं अन् चाळीस पोट्टे कोरडे. हे बरं हाये का?" ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाहीच म्हणाली. मग मी म्हणू नये ते म्हटलं. "तुह्या अब्बानं असं नसतं केलं." तिचा चेहरा उतरला. वडिलांचं नाव काढलं की ती हरते हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं पेन ड्राइव्ह दिला. "वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरच पाह्याचं, काका. कोनाच्या मोबाइलमधे जाऊ द्याचं नाही. जबाबदारी तुमची."

"माही," मी म्हणालो. सीमाला विचारलं का, असं मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. दोघांनाही उत्तर माहीत होतं.

माझी जबाबदारी एक दिवस टिकली. एका पडद्यासमोर चाळीस पोरं मावेनात. म्हणू लागली, काका, मोबाइलमध्ये घेऊ द्या, घरी पाहू. मी नाही म्हटलं. मग त्यातलं एक जण म्हणालं, काका, तुमच्यासारखा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही. झालं, मी विरघळलो. लोकांनी चांगलं म्हटलेलं मला फार आवडतं, हा माझा जुना रोग आहे. मी स्वतःच्या हातानं एकेकाचा मोबाइल जोडला, रांग लावली, दुसऱ्या गावच्या पोरांना निरोप पाठवून बोलावलं. दोन दिवस मी अगदी दाता झालो होतो. आठवडाभरात ते धडे बाळापूर, अकोला, कुठे कुठे पोचले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सीमा यायची बंद झाली. बिल्कीसला वाटलं, बरं नसेल. मला काहीच वाटलं नाही, माझं कौतुक चालू होतं.

एका दुपारी अभ्यासिकेत पोरं कॉम्प्युटरभोवती हसताना दिसली. मी जाऊन पाहिलं. धड्याच्या सतराव्या मिनिटाला पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं आली, पाच-सात सेकंद राहिली आणि गेली. सीमाचं नाव, आणि पुढे दहा आकडे. क्लासवाल्यांनी चोरी पकडायला ज्याचा धडा त्याचं नाव-नंबर चित्रातच भरून ठेवलं होतं. सीमाला ते रोज दिसत असणार, पण ज्याचं त्याला दिसत असेल असं तिला वाटलं. धडे दुसऱ्या कोणाकडे आहेत हेच तिला माहीत नव्हतं.

"फोन लावला होता आमी," एक जण दात काढून म्हणाला. "बुढा उचलते अन् शिव्या देते."

तो नंबर मला ओळखीचा होता. वाचनालयाच्या रजिस्टरात खुशालरावांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेला. कोणी पुढचे धडे मागायला फोन करत होतं, कोणी मजा म्हणून. दिवसाला तीस-तीस फोन, अनोळखी पोरांचे, 'सीमा आहे का' म्हणून. बाप बाजारात असताना, पंगतीत असताना, शेतात असताना.

मी बिल्कीसकडे धावलो. तिनं धडा उघडला, सतराव्या मिनिटावर नेला आणि पाहिलं. मग दुसरा, मग तिसरा.

"म्या पह्यला मिनिट पाह्यला," ती म्हणाली. "अन् आखरीचा." मग तिनं विचारलं, "काका, तुमच्याकडून भायेर गेलं का?"

"म्या कोनालेच नाही देल्लं," मी म्हणालो. "पोट्ट्यायनं चोरून घेतलं असन."

खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

तिनं सगळे धडे पुसले, सेटिंगमधली सीमाची ओळ काढली आणि ओढणी सावरून उभी राहिली. आताच खुशालरावांकडे जायचं म्हणाली. मी तिला बसवलं. म्हटलं, आता गेलो तर आगीत तेल पडेल, माणूस तापलेला आहे, परीक्षेला महिना आहे, जरा थंड होऊ दे. हे सगळं समजूतदारपणाचं वाटत होतं. खरं कारण एवढंच की तिथे गेलो तर प्रश्न निघेल, धडे वाटले कोणी?

दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा विचारायची आणि मी नवीन कारण काढायचो. तुरीची सोंगणी चालू आहे. गावात सप्ताह बसला आहे. वाचनालयाची तपासणी आहे. असे साडेतीन आठवडे गेले.

मग एका बाजाराच्या दिवशी सीमाची आई, मनकर्णाबाई, सेंटरचा जिना चढून वर आली. त्या वेळी मीही तिथेच बसलो होतो. तिला आमच्यापैकी कोणाचाच संशय नव्हता. मन मोकळं करायला आली होती. "पोट्ट्यायचे फोन येऊन राहिले होते, बाजी. तिचा बाप इचारते, कोनाले देल्ला नंबर? थे तोंडच उघडत नाही. भाऊ बोलत नाहीत तिच्यासंग. बापानं कधी बोट नव्हतं लावलं, त्या दिवशी हात उचलला. फोन बंद करून सिम डब्यात टाकलं. गाव तं काय काय बोलून राह्यलं." ती डोळ्यांना पदर लावून बसली. बिल्कीसनं तिला पाणी दिलं.

मनकर्णाबाई खाली उतरल्यावर बिल्कीस म्हणाली, "मी उद्या जाते. तुमाले याचं तं या." या वेळी मला कारण सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही सकाळच्या बसनं गेलो. खुशालराव अंगणात होते. खाट टाकली, पाणी दिलं. मी बसलो, बिल्कीस बसली नाही.

"खुशालभाऊ, पोरीची काहीच गलती नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "तिनं नंबर कोनालेच नाही देल्ला. तिच्या क्लासचे धडे म्या काढून घेतले, तिच्याच नावानं. त्याच्यात तुमचा नंबर छापेल होता. म्या नीट पाह्यलं नाही. थे धडे भायेर गेले, तिले न इचारता. गुन्हा माहा हाये."

खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "भायेर कोनी नेले?"

मला बोलायची हीच जागा होती. अंगणात इतकी शांतता होती की मी नुसतं खाकरलो असतो तरी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. मी खाकरलोही नाही. बिल्कीसनं माझ्याकडे मान वळवली नाही.

"माह्याकडूनच गेले," ती म्हणाली.

खुशालरावांनी सीमाला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. वाळली होती.

"धडे बाजीनं काढले, हे खरं हाये?"

तिनं मान डोलावली.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनालेच सांगू नको म्हनल्या होत्या बाजी."

"मार खाल्ला तरी नाही?"

बिल्कीसच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

खुशालराव बिल्कीसला फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाईमानूस म्हनून तुमच्या भरोशावर धाडत होतो आमी पोरीले." मग ते माझ्याकडे वळले आणि माझ्यासमोर हात जोडले. "केशवराव, तुमी बाजीले घेऊन आले म्हनून आज खरं समजलं. नाही तं म्या माह्या लेकराले जलमभर खोटं समजलो असतो."

"असू द्या," मी म्हणालो.

त्या अंगणात मी बोललो ते एवढंच.

बिल्कीसनं डोळे पुसले. "पेपर तं हाये ना अजून? हॉल तिकीट काढलं का?"

"शब्द देल्ला हाये म्या," खुशालराव म्हणाले. "पेपरले तं जाईनच थे. तिकिटाचा मेसेज फोनवर येनार म्हने. फोनच बंद हाये."

"सिम काढा. म्या आताच काढून देतो तिकीट." घाईत ती 'देते'ऐवजी 'देतो' म्हणून गेली. सीमाला नोंदणी क्रमांक पाठ होता. बिल्कीस अंगणाच्या कोपऱ्यात रेंज धरून उभी राहिली. खुशालरावांनी घरातून डबा आणला, सिम फोनमध्ये घातलं. ओटीपी यायला दोन-तीन मिनिटं लागली. सगळे तिच्याभोवती उभे. मनकर्णाबाईच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं दिसत होतं. माझ्या अभ्यासिकेतल्या पोरांचे पेपर पुढच्या आठवड्यात होते, म्हणून मीही निर्धास्त होतो.

पान हळूहळू उघडलं. पेपर कॉम्प्युटरवर होता, अनेक दिवस चालणारा, आणि ज्याची त्याची तारीख वेगळी. हे मला माहीत होतं. माझ्याच फळ्यावर मी ते लिहून ठेवलं होतं. पण आपल्या पोरांची तारीख तीच सगळ्यांची, असं मी धरून चाललो होतो.

बिल्कीस पान वर-खाली करत राहिली. सीमानं तिच्या हातातून फोन घेतला, वाचलं आणि परत दिला.

"मंगळवारी होता," ती वडिलांना म्हणाली. "परवा झाला." आणि ती घरात गेली. मनकर्णाबाई तिच्या मागे गेली.

खुशालराव फोनकडे पाहत तिथेच उभे होते. "शब्द तं देल्ला होता म्या," ते म्हणाले, पण कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

पहिल्या दिवशी बिल्कीस ओढणी सावरून उभी राहिली होती, तेव्हा मी तिला बसवलं नसतं तर पोरगी पेपरला बसली असती. नापास झाली असती कदाचित, पण बसली असती. हे मी त्या अंगणातच मनात मोजलं आणि तरी गप्प राहिलो.

बस थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बिल्कीस म्हणाली, "काका, मले मालूम होतं. पोट्टे माह्याकडे शुक्रिया बोलाले आले होते. केशवकाकानं सोताच्या हातानं भरून देल्लं म्हने. तुमी नाही म्हनले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"मंग तठी सांगतलं काहून नाही?"

"तुमी बोलसान म्हनून थांबली होती."

बस आली. ती पुढे बायकांच्या सीटवर बसली, मी मागे.

नंतर गावात पसरलं की बाजीनं पोरीचा नंबर पोरांना वाटला. दोन महिन्यांत तिच्याकडे मुली यायच्या बंद झाल्या. पाच कॉम्प्युटरांपैकी तीन झाकून ठेवले. आता सातबारा आणि आधारची प्रिंट काढायला येतील तेवढीच माणसं. तिनं कोणालाही माझं नाव सांगितलं नाही. मला ती अजूनही काका म्हणते, पण आता माझ्याशी भांडत नाही, आणि कोणताही इंग्रजी शब्द विचारायला येत नाही.

खुशालरावांनी लग्नाचा शब्द मात्र पाळला. मे महिन्यात सीमाचं लग्न झालं, मुलगा हिवरखेडचा. पत्रिका द्यायला खुशालराव स्वतः वाचनालयात आले. बिल्कीसला पत्रिका नव्हती. मी जायला नको होतं, पण गेलो.

मंगलाष्टकं झाल्यावर मानकऱ्यांचे सत्कार सुरू झाले. माइकवर माझं नाव आलं. आमच्या घराची अब्रू राखणारे केशवराव, असं खुशालराव म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शेला घातला, हातात नारळ दिला. मांडवात माझ्या अभ्यासिकेतली दहा-बारा पोरं होती. धडे कोणी भरून दिले हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवण झाल्यावर सीमा नवऱ्याबरोबर माझ्या पाया पडायला आली. वाकून उठली आणि हळूच म्हणाली, "काका, बाजी नाही आल्या?"

"कामात असन," मी म्हणालो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.